तुम्हाला आत्या किती?

तलाठी भरतीच्या पेपरात शेतीबद्दल फारसं काही विचारत नाहीत. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित-बुद्धिमत्ता, प्रत्येकी पंचवीस प्रश्न, दोन-दोन गुणांचे. समानार्थी शब्द, पंचायत राजच्या समित्या, रेल्वे किती सेकंदांत पूल ओलांडेल. सोयाबीनच्या शेंगेला उभ्या झाडावर कोंब कधी फुटतो असं कुणी विचारलं असतं, तर मी पैकीच्या पैकी गुण घेतले असते. पण त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. 2023 च्या भरतीत जागा 4,644 होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. एवढ्या गर्दीतून माणसं निवडायची म्हटल्यावर रेल्वे आणि पूल येणारच.

मी त्याच भरतीतली. निवड झाल्यावर गावात सत्कार झाला आणि 'शेतकऱ्याच्या लेकीला शेतकऱ्याचं दुःख कळणार' हे वाक्य मी हार गळ्यात घेऊन बऱ्याच जणांकडून ऐकलं. तेव्हा बरं वाटलं. आता त्या वाक्यावर माझा तितकासा विश्वास नाही. माझ्यासोबत रुजू झालेला एक सहकारी पिंपरी-चिंचवडला वाढलेला आहे. पंचनाम्याला गेल्यावर त्याचेही डोळे भरून येतात, आणि जमीन महसूल अधिनियम त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. कळवळा काही शेतातच उगवतो असं नाही. शेतातून मी आणलं असेल तर एवढंच, की समोरच्याला नेमकं काय विचारायचं ते मला बऱ्याचदा कळतं.

घर आमचं कळंब तालुक्यातलं. चार एकर जिरायत, खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला पाऊस झाला तर ज्वारी-हरभरा. एक विहीर आहे, पण ती जानेवारीपर्यंतच सोबत करते. 2012-13 च्या दुष्काळात आम्ही जनावरं छावणीत नेली होती. आई तिकडे राहायची, मी शाळा सुटली की भाकरी घेऊन जायचे. तिथं तलाठी यायचे, वहीत जनावरं लिहून घ्यायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. पीककर्जासाठी सातबारा आणायला अण्णांबरोबर मीही जायची, कारण लिहिलेलं वाचायला घरात मीच पुढं असायची. हाताने लिहिलेल्या त्या सातबाऱ्यावर आमच्या गटात आजोबांचं नाव कंसात आणि अण्णांचं नाव बाहेर का, हे मी भाऊसाहेबांना विचारलं होतं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि 'कंस म्हणजे नाव कमी झालं' एवढं सांगितलं. कुणाचं नाव का कमी होतं आणि कुणाचं मुळात लागतच नाही, हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

पुण्याला जाऊन अभ्यास करण्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी त्यात भर घालत नाही. सदाशिव पेठेतली अभ्यासिका, मेसचा डबा, एका खोलीत चौघी, घरून येणारे पैसे आणि ते मागताना होणारं ओशाळेपण. 2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि आम्ही गावी परतलो. मला मात्र ते वर्ष वाया गेलं असं कधी वाटलं नाही. त्या खरिपात मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही. आमचंही अर्धं रान मोकळं राहिलं आणि दुबार पेरणी करावी लागली. उशिरा आलेलं ते पीक आम्ही कापून रानातच गंजी लावून ठेवलं, आणि ऑक्टोबरात अतिवृष्टी झाली.

पंचनाम्याचं पथक आलं तेव्हा मी रानातच होते. गाडी रस्त्यावर थांबली, माणसं बांधापर्यंत आली, नाव-गट क्रमांक लिहून घेतला आणि निघाली. उभं पीक की कापलेलं, गंजीवर ताडपत्री होती का, खालचा थर किती भिजला, यातलं काही विचारलं नाही. गंजी वरून कोरडी दिसत होती. आत हात घातला तर वाफ यायची इतकी ती तापली होती, दाणा काळा पडला होता. अण्णा सांगत होते, पण चालत्या माणसाच्या पाठीला सांगत होते. मदत आम्हाला मिळाली, मिळाली नाही असं नाही. तरी त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही वही आपल्या हातात असायला हवी. तोवर मी तलाठी, लिपिक, पोलीस, जी जाहिरात निघेल ती भरत होते.

परीक्षा 2023 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झाली. फी खुल्या प्रवर्गाला 1,000 आणि राखीवला 900 रुपये. कितीतरी शिफ्टमध्ये पेपर झाले, त्यामुळे गुण समान करायचं सूत्र लावलं आणि जानेवारी 2024 मध्ये निकाल लागला तेव्हा 200 पैकी 214 गुण पडलेला उमेदवार बघून अख्ख्या महाराष्ट्राने डोक्याला हात लावला. आमच्या आईने तर सरळ विचारलं, 'एवढं हुशार असंल तर तलाठी कशाला होतंय?' मग कागदपत्रांची तपासणी, जात पडताळणी, चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय तपासणी, आणि एकदाचा नियुक्तीचा आदेश. मूळ वेतन 25,500. अण्णांनी तो आकडा सोयाबीनच्या क्विंटलमध्ये करून बघितला. त्या हंगामातला हमीभाव 4,892 होता, बाजारात तेवढाही मिळत नव्हता. 'म्हणजे महिन्याला पाच-सहा क्विंटल, बिनपावसाचं,' ते म्हणाले.

पहिले काही महिने मी एका ज्येष्ठ तलाठ्यांच्या हाताखाली होते. डिजिटल स्वाक्षरीचं डोंगल, लॅपटॉप, ई-फेरफारची प्रणाली हे सगळं शिकायला वेळ लागत नाही. वेळ लागतो जुनं दप्तर वाचायला. आमचा भाग हैदराबाद संस्थानातला, त्यामुळे काही कागद उर्दूत, नंतरचं खासरा पत्रक, कुळाच्या नोंदी, इनामाच्या भानगडी. त्यांनी एक सवय लावली. सातबारा हातात आला की आधी नावं वाचायची नाहीत. त्यावरचे फेरफार, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदींचे क्रमांक बघायचे आणि गाव नमुना सहा या फेरफारांच्या वहीतून ते एकेक काढून उलटं मागं जायचं. नावं आज काय आहेत ते सातबारा सांगतो, ती तशी का आहेत ते फेरफार सांगतो. बांधाच्या निम्म्याअधिक भांडणांचं मूळ तिथं सापडतं. रस्त्याच्या भांडणांचंही. लोक येऊन म्हणतात 'रस्ता द्या', तेव्हा मी आधी विचारते, रस्ता होता आणि अडवला, की नव्हताच? वाट होती आणि अडवली असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अर्ज, नव्याने हवी असेल तर महसूल अधिनियमाचं कलम 143. दोन्हीकडे निर्णय तहसीलदारांचा. अर्ज चुकीच्या कलमाखाली गेला की दोन पेरण्या निघून जातात, आणि तोवर ऊस असेल तर तो फडातच वाळतो.

एप्रिल 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर सुरू झाली. बुलढाणा जिल्ह्यात आधी करून बघितलेली ही गोष्ट. सातबाऱ्यावर मयत खातेदारांची नावं तशीच राहिलेली असतात, ती काढून वारसांची लावायची. चावडीवाचन करायचं, मयतांची यादी करायची, वारसांकडून मृत्यू दाखला, शपथपत्र, पोलीस पाटलांचा किंवा सरपंचांचा दाखला घ्यायचा, फेरफार धरायचा, मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित करायचा. ऐकायला कारकुनी काम आहे. माझ्या साझ्यात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, मात्र त्या दिवसांत गावकीचा अर्धा इतिहास चावडीत येऊन बसला. आजोबाच नाही, पणजोबांच्या नावावरची जमीन निघाली. तीन पिढ्यांनी कसली, सोसायटीचं कर्ज काढलं नाही, म्हणून कागद बदलायची कुणाला गरजच पडली नव्हती. आता मदतीच्या पैशाला, शेतकरी ओळखपत्राला जिवंत माणसाचं नाव लागतं.

वारसांची यादी भाऊ लिहून आणायचे. बहुतेक वेळा ती पोरांची यादी असायची. मी ती वाचायचे, बाजूला ठेवायचे आणि विचारायचे, 'तुम्हाला आत्या किती?'

वारसांमध्ये बहिणी आहेत का, असं सरकारी भाषेत विचारलं की उत्तर येतं 'नाही, कुणी नाही मॅडम.' खोटं बोलायचं म्हणून नव्हे, त्यांच्या डोक्यात वारस म्हणजे कसणारा. आत्या किती म्हटलं की माणूस सहज बोटं मोजायला लागतो. 'मोठी बार्शीला, मधली इथंच वाशीला, धाकटी वारली, तिची पोरं हायती.' मोजून झालं की त्याच्या लक्षात येतं आपण काय सांगितलं ते. मग पुढचं संभाषण साधारण ठरलेलं.

'मॅडम, त्या नांदायला गेल्या की. त्यांचं कशाला?'

'काका, त्या तुमच्या वडिलांच्या बहिणी. आजोबांना जेवढे तुमचे वडील, तेवढ्याच त्या.'

'पण लग्नात हुंडा दिलाय, मानपान दिलाय.'

'त्याची नोंद माझ्याकडं नाही. नको असेल तर त्या नोंदणी करून हक्कसोड देतील. पण आधी नाव लागंल, मग सुटंल.'

1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये दिला. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, चार पर्यायांतून बरोबर उत्तर निवडता यावं म्हणून. चावडीत त्याचा अर्थ असा होतो की एक माणूस तुमच्या समोर उठून जातो, दुसऱ्या दिवशी सरपंचाला घेऊन येतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याची आत्या स्वतः येऊन सांगते, 'बाई, माझं नाव घालू नका, माहेर तुटंल माझं.' तिला मी काय सांगणार? तिचं नाव यादीतून गाळायचा अधिकार मला नाही, आणि तिचं माहेर टिकवायचाही नाही. मी तिला चहा पाजते आणि हक्कसोड तहसीलला नाही तर दुय्यम निबंधकाकडे होतं, आणि तिथं नेऊन सही घेतात तेव्हा काय लिहिलंय ते वाचून घ्या, एवढं सांगते. काही जणी वाचून घेतात. दोघी-तिघींनी वाचल्यावर सही केली नाही, त्यांची प्रकरणं आता विवादग्रस्त नोंदींच्या वहीत, नमुना सहा-अ मध्ये आहेत. त्या घरांतली माणसं मला रस्त्यात भेटली की मान वळवतात. त्याचं मला फार वाईट वाटत नाही, खोटं कशाला बोलू.

सप्टेंबर 2025 चा पाऊस मात्र वाईट होता. धाराशिव, सोलापूर, बीडकडे लोकांनी काय पाहिलं ते टीव्हीवर आलंच. सीनेच्या काठच्या गावांत पाणी घरात शिरलं, जनावरं दावणीला मेली. माझा साझा नदीपासून थोडा वर, तरी ओढ्याकाठची रानं गेली. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तरच पंचनामा मदतीला पात्र. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असं तिघांचं पथक. आम्ही चिखलातून निघालो ते कित्येक दिवस चपला न घालताच फिरत होतो, कारण चपला चिखलातच राहायच्या.

33 टक्के कसे मोजायचे हे मला कुठल्या परिपत्रकात नीट लिहिलेलं सापडलं नाही. शेतकरी म्हणतो 'शंभर टक्के गेलं', कारण त्याला ते तसं दिसत असतं, आणि ते खरंही असतं. पण कागदाला कारण लागतं. मी बांधावर उभी राहत नाही. रानाच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून झाडं उपटायची, शेंगा सोलायच्या. वरच्या शेंगा चांगल्या आणि खालच्या काळ्या असतील तर पाणी किती वेळ थांबलं ते कळतं. पान हिरवंगार आणि दाण्याला कोंब फुटलेला असेल तर ते रान रस्त्यावरून बघणाऱ्याला 'पीक चांगलंय' असं वाटतं, आणि नेमकं तेच गेलेलं असतं. तुरीचं उलट. तूर पाण्यात आठ दिवस तगून दिसते आणि पाणी ओसरल्यावर उन्ह पडलं की उधळते, म्हणजे उभ्या जागी वाळते. म्हणून तुरीच्या रानात आम्ही दुसऱ्यांदा गेलो. कृषी सहायकांनी तेच सुचवलं होतं, त्यामुळे भांडावं लागलं नाही. आणि प्रत्येक ठिकाणी मी एक प्रश्न विचारत होते, पीक उभं होतं की कापलेलं? गंजी असेल तर आत हात घालून बघायचा.

ओढ्याकाठी एका आजीचं रान होतं, एकटी राहते. तिच्या दीड एकरातली माती पार निघून गेली होती, खाली मुरूम उघडा. मी जमीन खरडून गेल्याचं वेगळं लिहीत होते, कारण त्याची मदत पिकापेक्षा वेगळ्या दराने असते. ती म्हणाली, 'सोयाबीनचं लिव्ह माय, मातीचं काय लिवतीस, माती काय सरकार देतंय व्हय?' तिला दोन्ही लिहिता येतात हे समजावून सांगेपर्यंत पुन्हा पाऊस आला.

दराबद्दल माझं मत सरळ आहे आणि ते मी साहेबांसमोरही बोलले आहे. केंद्राच्या निकषांत तेव्हा जिरायतीला हेक्टरी 8,500 रुपये होते, म्हणजे एकरी साधारण 3,400. आमच्याकडे एकरभर सोयाबीन काढायची मजुरीही तेवढ्यात भागत नाही. राज्याने नंतर मदत वाढवली, ते खरं. पण ती हातात पडेपर्यंत यादी, विशिष्ट क्रमांक, केवायसी, अंगठा न उमटणं, खात्याला आधार जोडलेलं नसणं, असे टप्पे आहेत. ज्यांच्या नावाने फेरफार झालेला नव्हता त्यांचे पैसे पुन्हा मयत माणसाच्या नावावर अडकले. एप्रिलमध्ये ज्यांनी 'आत्या किती' ऐकून पाठ फिरवली होती, त्यांतले दोघे नोव्हेंबरात आत्यांना गाडीत बसवून चावडीत घेऊन आले.

हे सगळं दुसऱ्यांच्या घरी करत असताना माझ्या घरचं दप्तर मी कधी उघडलं नव्हतं. दिवाळीत गेले तेव्हा सहज ऑनलाइन आमचा गट काढला आणि सवयीने फेरफार क्रमांकावरून मागं गेले. आजोबा गेल्यावर वारस म्हणून अण्णांबरोबर दोन्ही आत्यांची नावं लागली होती. पुढच्याच वर्षी नोंदणीकृत हक्कसोड, दोघींची नावं कमी. कागद अगदी चोख. अण्णा म्हणाले, 'आनंदानं सह्या दिल्या त्यांनी, मी साडी-चोळी केली.' धाकटी आत्या भाऊबीजेला आलेलीच होती, चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, 'कशावर सही केली ते मला तवा कुणी सांगितलं नव्हतं. बाजाराला जाऊ म्हणून नेलं.' अण्णा काही बोलले नाहीत. मी आत्याला खरं ते सांगितलं, की नोंदणी झालेला दस्त आहे, वीस वर्षं उलटली आहेत, तलाठ्याच्या हातात यात काही नाही, दिवाणी कोर्टात जायचं तर वकील गाठावा लागेल. ती हसली. 'कोर्टात कुणावर जाऊ, तुझ्या बापावर?'

त्यानंतर मी आईच्या नावाचा विषय काढला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कधीकाळी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती, नवऱ्याने स्वतःच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायचं. पुढे 1992 मध्ये शासनाने तसं परिपत्रक काढलं आणि साध्या अर्जावर सहहिस्सेदार म्हणून नाव लावायची सोय झाली. अण्णांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. आत्या समोर बसलेली होती म्हणून असेल. आई म्हणाली, 'नाव लावून काय, मी कुठं जाणार हाय का?' भावाने मात्र कामाचा प्रश्न विचारला, 'मग सोसायटीच्या कर्जाला दोघांच्या सह्या लागतील ना दरवेळी?'

लागतील, म्हटलं. अर्ज आमच्या गावच्या तलाठ्यांकडे दिला आहे. नोटीस निघाली, पंधरा दिवसांची मुदत चालू आहे, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील.